अस्वलाची दोन तिकिटं : माद्रिदच्या १८५३ मधल्या शहर टपालाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

माद्रिदमध्ये आम्ही राहतो ती इमारत जुनी, पाच मजली आणि बिनलिफ्टची. दोन वर्षांपूर्वी रहिवाशांच्या सभेत लिफ्ट बसवायचं ठरलं आणि प्रत्येक घरावर खर्चाचा वाटा बसला. इथे त्याला ‘देर्रामा’ म्हणतात. आमच्या समोरच्या दारात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. त्यांचं नाव देत नाही, दोन्या प. म्हणते. ‘दोन्या’ हा इथला मानाचा शब्द, नावाआधी लावतात. त्यांच्या वाट्याला दोन हजार तीनशे युरो आले होते. घरात नवऱ्यामागचं निवृत्तिवेतन येतं, दुसरं काही नाही.

एका रविवारी दुपारी त्या तपकिरी रेक्झिनचा जाडजूड अल्बम घेऊन दारात उभ्या राहिल्या. “ईहा, तुला यातलं कळतं ना?” ‘ईहा’ म्हणजे पोरी. मी दर रविवारी सकाळी प्लाझा मायोरच्या कमानींखाली भरणाऱ्या तिकिटांच्या आणि नाण्यांच्या बाजारात जाते, हे त्यांना माहीत होतं. त्यांचे यजमानही चाळीस वर्षं तिथेच जात असत. मला हा नाद सांगलीच्या घरातून लागला. बाबा टपाल तिकिटं जमवायचे, अजून जमवतात. स्पेनची तिकिटं मात्र मी इथे आल्यावर शिकले, आणि अजून शिकतेच आहे.

अल्बम विकून लिफ्टचे पैसे उभे करता येतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पहिली छाननी

स्पेनचं पहिलं तिकीट १ जानेवारी १८५० ला निघालं. सहा क्वार्तोचं, काळं, त्यावर दुसऱ्या इसाबेल राणीचा चेहरा. तिथपासून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची तिकिटं नवशिक्याला फार चकवतात, कारण या काळात सगळंच बदलत राहिलं. बनावट तिकिटांच्या धास्तीने सुरुवातीची काही वर्षं दरसाल नवं चित्र काढलं गेलं. चलनही बदललं : आधी क्वार्तो आणि रेआल (साडेआठ क्वार्तो म्हणजे एक रेआल), मग एस्कुदो, मग पेसेता. राणी गेली, क्रांती झाली, इटलीतून आणलेला राजा आमादेओ आला, प्रजासत्ताक आलं, परत राजा आला. हे सगळं तिकिटांवर उमटलेलं आहे. तिकीट कोणत्या चलनात आहे एवढं नीट वाचलं, तरी निम्मी ओळख पटते.

अल्बममध्ये नेहमीचे चकवे होते, ते पटापट बाजूला काढले. काही तिकिटांवर तीन आडव्या काळ्या पट्ट्या होत्या. दोन्या प. त्यांना टपालाचा शिक्का समजत होत्या. चलनातून बाद झालेला शिल्लक साठा सरकारने अशा पट्ट्या मारून व्यापाऱ्यांना विकला होता. ती तिकिटं कधी पत्रावर लागलीच नाहीत. काहींना मधोमध गोल भोक होतं. ती कुणी खराब केलेली नव्हती, तारेचे पैसे भरायला वापरलेली होती. गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉन कार्लोसच्या बंडखोरांनी (कार्लिस्टांनी) १८७३ मध्ये काढलेलं एक रेआलचं निळं तिकीटही सापडलं. पहिल्या छपाईत ‘एस्पान्या’ शब्दातल्या एनवरची लाट राहून गेली आणि पुढच्या छपाईत ती घातली गेली. इथलं तिकीट लाटेचं निघालं.

राणीची १८५५ ते १८५९ या काळातली तिकिटं सारखीच दिसतात, फरक असतो तो कागदाचा. निळसर कागदात वेटोळ्यांचं जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर दिसणारी नक्षी) असेल तर १८५५, तिरक्या छेदरेषा असतील तर १८५६, आणि पांढऱ्या कागदावर काहीच नसेल तर त्यानंतरचं. या पानावर सगळी तिसऱ्या प्रकारची होती, म्हणजे सगळ्यांत स्वस्त.

मग अल्बमच्या शेवटी वेगळ्या काळ्या कार्डावर दोन तिकिटं दिसली. दोन्हींवर मुकुट, ढाल आणि झाडाला पुढचे पाय टेकवून उभं असलेलं अस्वल. वर ‘कोरेओ इंतेरिओर’, म्हणजे अंतर्गत टपाल. देशाचं नाव कुठेच नाही. एक तिकीट एका क्वार्तोचं, दुसरं तीन क्वार्तोचं. कडांना दाते नाहीत. तेव्हाची तिकिटं कात्रीनेच कापत. शेजारी ग्लासिनच्या, म्हणजे अर्धपारदर्शक गुळगुळीत कागदाच्या, पाकिटावर पेन्सिलने ‘१८५३, आउतेंतिको’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे अस्सल.

अस्वल आणि माद्रोन्योचं झाड हे माद्रिद शहराचं मानचिन्ह. पुएर्ता देल सोल चौकात त्याचा पुतळा आहे, त्याच्यापाशी भेटायच्या वेळा ठरतात. म्हणून इथे राहणाऱ्याला हे चित्र ओळखायला वेळ लागत नाही. इतर देशांतल्या संग्रहांत मात्र हीच तिकिटं बरेचदा ‘अज्ञात’ म्हणून पडून असतात, कारण त्यांवर ना राणी असते ना देशाचं नाव. १८५३ मध्ये माद्रिद शहराच्या हद्दीतल्या पत्रांसाठी ही दोन तिकिटं निघाली, कांस्य रंगात. स्पेनच्या एडिफिल कॅटलॉगमध्ये त्यांचे क्रमांक २२ आणि २३. तीन क्वार्तोचं फार थोडा काळ चाललं, त्यामुळे ते एका क्वार्तोच्या तिकिटापेक्षा कितीतरी पट दुर्मीळ आणि महाग आहे.

माझी चूक

त्याच संध्याकाळी मी तीन क्वार्तोच्या तिकिटाचा फोटो काढला, मोठा केला आणि प्रमाणपत्र मिळालेल्या नमुन्यांच्या फोटोंशी ताडून पाहिला. अक्षरं जुळली. मुकुटाचे मणी जुळले. चौकटीच्या एका कोपऱ्यातली किंचित तुटलेली रेघसुद्धा जुळली. वर शिक्काही होता, गोल, मधे ‘१’ आकडा, आणि माद्रिदचा आकडा ‘१’च. समासही चारही बाजूंनी रुंद, देखणे.

त्या मानाने एका क्वार्तोचं तिकीट अगदी दीनवाणं. उजवीकडे कात्री चौकटीला लागून गेलेली, खालचा एक कोपरा विरळ, शिक्का म्हणून नुसत्या चार-पाच आडव्या रेघांचा तुकडा.

मी समोरच्या दारात जाऊन म्हणाले, “तीन क्वार्तोचं हे तिकीट खरं असेल, तर लिफ्टचा सगळा खर्च यातून निघेल.” ‘असेल तर’ म्हणाले होते खरं. पण विवंचनेतल्या माणसाच्या कानापर्यंत ‘तर’ पोचत नाही, हे मला कळायला हवं होतं. दोन्या प.नी लगेच मुलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांना सांगून आल्या की हप्ते नकोत, मी एकरकमी देईन.

अडचण नेमकी काय होती

अशा तिकिटाच्या तीन शक्यता असतात. पहिली, अस्सल : त्या काळी त्या कामासाठी छापलेलं. दुसरी, नक्कल : कुणीतरी नवा ठसा कोरून छापलेलं. स्पेनच्या जुन्या तिकिटांच्या नकला भरपूर आहेत. जिनिव्हाच्या फूर्निएपासून स्पेरातीपर्यंत अनेकांनी त्या केल्या. तिसरी, पुनर्मुद्रण : मूळ तिकीट वापरातून गेल्यावर मूळ ठशावरूनच पुन्हा छापलेलं.

नक्कल पकडायला चित्र उपयोगी पडतं. नवा ठसा कोरणाऱ्याचा हात कुठेतरी वेगळा पडतोच. एखादं अक्षर रुंद होतं, एखादा मणी कमी येतो. पुनर्मुद्रणात चित्र काहीच सांगत नाही. ठसा तोच असला की तुटलेली रेघसुद्धा तीच येणार. मी जे जे जुळलं म्हणून हरखले होते, त्यातून एवढंच ठरत होतं की हे तिकीट साधी नक्कल नाही. ते १८५३ मध्ये छापलं की नंतर, याचं उत्तर त्यात नव्हतंच.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्या संध्याकाळी सुचलं नाही. सुचवलं बाबांनी. फोनवर मी सगळं उत्साहाने सांगितलं आणि ते शांतपणे म्हणाले, “चित्र जुळलं, बरं. कागद बघितलास?”

“अजून नाही, बाबा.”

“मग त्या बाईंना काय सांगून बसलीस? आपल्या १८५४च्या अर्ध्या आण्याचीही पुढे पुनर्मुद्रणं निघाली होती. मी एक घेऊन बसलोय, तुला माहितीये. आधी कागद, मग शाई, मग शिक्का. चित्र सगळ्यांत शेवटी.”

कॅटलॉग पुन्हा उघडला. माद्रिदच्या या दोन तिकिटांखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ती मी आधी ओलांडून गेले होते : यांची पुनर्मुद्रणं पातळ पांढऱ्या कागदावर, अधिक निस्तेज रंगात झालेली आहेत.

समोरचे पर्याय

पहिला हप्ता सहा आठवड्यांवर होता. दोन्या प.च्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पर्याय मांडले.

एक, बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला अख्खा अल्बम देऊन टाकायचा. त्याने पानं उलटली, अस्वलांच्या कार्डापाशी क्षणभर थांबला, पुढे गेला, आणि चारशे युरो म्हणाला. पैसे रोख, त्याच दिवशी. त्याचं थांबणं माझ्या डोक्यात राहिलं. त्याला काय दिसलं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

दोन, लिलावात द्यायचा. लिलाववाल्यांनी फोनवर सांगितलं की एडिफिल २३ असेल तर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय ते स्वतंत्रपणे मांडणार नाहीत.

तीन, आधी तज्ज्ञ समितीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवायचं. त्याला फी आणि वेळ. दोन तिकिटांची फी दोन्या प.च्या महिन्याच्या विजेच्या बिलापेक्षा जास्त होत होती, आणि निकाल हप्त्याच्या तारखेआधी येईलच असं नव्हतं.

चार, ‘अस्सल’ लिहिलेल्या पाकिटावर भरवसा ठेवून थेट एखाद्या संग्राहकाला विकायचं. हा पर्याय त्यांच्या जावयाने सुचवला. मी नको म्हटलं. आपल्याला शंका असताना दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं हे मला पटेना, आणि पुढे वाद निघाला असता तर निस्तरावं त्यांनाच लागलं असतं.

ठरलं असं की फी भरण्याआधी घरी जेवढं बघता येईल तेवढं बघायचं. आणि अल्बमच्या मागच्या पानांतली हुकूमशहा फ्रांकोच्या काळातली साधी, दुहेरी-तिहेरी तिकिटं वेगळी करून विकायची. त्यांच्याविषयी कुठलीच शंका नव्हती. त्यांचे दीडशे युरो आले. उरलेल्यासाठी दोन्या प. स्वतः अध्यक्षांकडे गेल्या आणि एकरकमीचा शब्द मागे घेऊन हप्ते मागून घेतले. हे काम माझ्या वाट्याला यायला हवं होतं, कारण तो शब्द माझ्या बोलण्यामुळे गेला होता. त्या मला दाराशी थांबवून एकट्या गेल्या.

तपासणी

या प्रकरणात खरं शिकायला मिळालं ते इथे.

आमच्याकडे एक फायदा होता, जो बहुतेकांना मिळत नाही : एकाच वर्षाची, एकाच कामासाठी निघालेली दोन तिकिटं शेजारी शेजारी. त्यांपैकी एकाबद्दल जरी काही ठाम कळलं असतं, तरी दुसऱ्याला मोजपट्टी मिळाली असती.

कागदापासून सुरुवात केली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडून मायक्रोमीटर आणला. प्रत्येक तिकिटाची पाच जागी जाडी घेतली, हिंजचा (तिकीट अल्बमात चिकटवायच्या कागदी पट्टीचा) अवशेष असलेली जागा सोडून. एका क्वार्तोचा कागद ०.०८ ते ०.०९ मिलिमीटर, तीन क्वार्तोचा ०.०५ ते ०.०६. उजेडासमोर धरल्यावर पहिल्याच्या कागदात ढगाळ, असमान तंतू दिसले. दुसरा एकसारखा, गुळगुळीत आणि अधिक पांढरा.

एवढ्यावर निकाल द्यायचा मोह होतो. पण राणीच्या १८५३च्या तिकिटांतही पातळ कागद सापडतो, आणि एकाच जोडीतल्या दोन किमतींचे कागद वेगळे असू शकतात. पातळ कागद म्हणजे पुनर्मुद्रण, असं समीकरण मांडलं तर कधीतरी एखादं अस्सल तिकीटही बाद होईल. म्हणून जाडीची नोंद केली आणि पुढे गेलो.

मग शाई. हे दिव्याखाली करू नये. उत्तरेकडच्या खिडकीशी, ढगाळ सकाळी, दोन्ही तिकिटं एकाच राखाडी कार्डावर ठेवली. एका क्वार्तोचा रंग बरेच दिवस न घासलेल्या पितळी तांब्यासारखा : गडद, उबदार, रेघेच्या कडेला किंचित जाड. तीन क्वार्तोचा रंग पाणी जास्त झालेल्या चहासारखा, रेघांना अंगच नाही. दोन्या प. चष्मा सावरून म्हणाल्या, “हे धुतलंय का कुणी?” रंग उन्हाने, ओलाव्याने बदलतात हे खरं. पण उन्हाने विटलेल्या तिकिटाचा कागदही पिवळट व्हायला हवा, आणि इथे कागद स्वच्छ पांढरा होता.

अतिनील दिवाही लावून पाहिला. दोन्ही तिकिटं काळवंडलेलीच राहिली, कुठलंच निळं चमकलं नाही. आधुनिक कागदातली उजळवणारी द्रव्यं त्यांत नाहीत, एवढंच यातून कळतं. एकोणिसाव्या शतकातलं पुनर्मुद्रणही असंच काळवंडलेलं दिसेल. काही लोक हा दिवा लावून ‘अस्सल’ म्हणून मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

शेवटी शिक्का. स्पेनच्या जुन्या शिक्क्यांना इथल्या संग्राहकांनी दिलेली नावं मला फार आवडतात. अगदी पहिला ‘आरान्या’, म्हणजे कोळी, कारण तो पाय पसरलेल्या कोळ्यासारखा दिसतो. त्यानंतर १८५२ पासून ‘पार्रिया’, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायची जाळी. नुसत्या समांतर रेघा. आणि १८५८ पासून ‘रुएदा दे कार्रेता’, बैलगाडीचं चाक : गोल, आऱ्यांसारख्या रेघा, मधे गावाचा आकडा. एक म्हणजे माद्रिद, दोन म्हणजे बार्सिलोना.

एका क्वार्तोच्या तिकिटावर ज्या चार-पाच रेघांना मी तुकडा म्हणून नाकारलं होतं, ती पार्रिया होती. १८५३ मध्ये माद्रिदमध्ये असायला हवी तीच. आणि तीन क्वार्तोच्या तिकिटावर, ज्या ‘१’ आकड्याने मला भुरळ घातली होती, ते होतं बैलगाडीचं चाक. ते पाच वर्षांनंतरचं. थोडे दिवस चालून बंद झालेल्या तिकिटावर १८५८ नंतरचा शिक्का कसा येईल?

दहापट भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली. तीन क्वार्तोच्या डाव्या बाजूला वरून खाली एक बारीक घडी होती. घडीमुळे कागदाचे तंतू तिथे उकललेले, आणि चाकाचा एक आरा जिथे ती घडी ओलांडतो, तिथे शिक्क्याची काळी शाई उकललेल्या तंतूंत शिरून केसासारखी खाली ओघळलेली. आधी शिक्का आणि मग घडी पडली असती, तर घडीच्या तुटक रेषेवर शाई फाटलेली, पांढरी दिसली असती. इथे घडी आधीची आणि शिक्का नंतरचा. जुन्या, मोडलेल्या तिकिटावर कुणीतरी मागाहून शिक्का मारलेला होता. मी भिंग दोन्या प.च्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “केस दिसतोय,” म्हणाल्या.

निर्णय

त्यांना सांगणं अवघड गेलं. त्यांचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. “म्हणजे माझ्या नवऱ्याला फसवलं?”

पुनर्मुद्रण ही फसवणूक नसते. पुनर्मुद्रण म्हणून विकलं तर ती संग्राह्य वस्तू आहे, तिचे संग्राहकही आहेत. फसवणूक शिक्क्यात आहे, कारण वापरलेलं, जुनं, खरं वाटावं म्हणून तो मारला गेला. तो कुणी आणि कधी मारला हे आपल्याला कळणार नाही. कदाचित तुमच्या यजमानांचा जन्म व्हायच्या आधीसुद्धा मारला असेल. मी एवढंच सांगू शकले. त्यांनी पाकिटावरचं पेन्सिलचं अक्षर नीट पाहिलं आणि म्हणाल्या, हे त्यांचं अक्षर नाही, त्यांचं उजवीकडे झुकायचं. म्हणजे ‘अस्सल’ हा शब्द पाकिटाबरोबरच विकत आला होता.

आता प्रमाणपत्राला काय पाठवायचं? माझं मत होतं, फक्त एका क्वार्तोचं पाठवावं. दुसऱ्याची फी वाया जाणार, असं माझ्या तपासणीवरून दिसत होतं. दोन्या प. म्हणाल्या, दोन्ही. “तू एकदा चुकलीस, पोरी. चांगल्या मनाने चुकलीस. पण मला आता लेखी हवंय.” यात राग नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं. एका हौशी माणसाच्या भिंगावर दुर्मीळ तिकीट बाद करणं, हे एका फोटोवर ते खरं ठरवण्याइतकंच चूक आहे. शिवाय दोन्ही तिकिटं एकत्र गेल्यामुळे तज्ज्ञांनाही ती शेजारी ठेवून बघता आली.

निकाल

सात आठवड्यांनी उत्तर आलं. एक क्वार्तो : अस्सल, काळ्या पार्रियाने रद्द केलेलं, उजवा समास चौकटीला लागलेला, खालच्या कोपऱ्यात कागद विरळ. तीन क्वार्तो : पुनर्मुद्रण, शिक्का खोटा.

अस्सल तिकीट प्रमाणपत्रासह लिलावात गेलं. कापलेल्या समासामुळे बोली बेताची लागली, तरी त्यातून दोन्ही प्रमाणपत्रांची फी आणि दुसरा हप्ता निघाला. निळं कार्लिस्ट तिकीट आणि पट्ट्यांची तिकिटं बाजारातल्या दुसऱ्या एका टेबलावर, काय आहेत ते स्पष्ट सांगून विकली. एकूण चारशेपेक्षा बरेच जास्त आले, पण दोन हजार तीनशेच्या आसपासही गेलो नाही. उरलेली रक्कम दोन्या प. अजून हप्त्यांनी भरताहेत. लिफ्ट गेल्या हिवाळ्यात सुरू झाली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं म्हणजे, कागद हातात घेऊन बघेपर्यंत किंमतीचा शब्द तोंडातून काढणार नाही. फोटोवरून ‘हे काय आहे’ ते सांगता येतं. ‘हे कधी छापलं’ ते फोटो सांगत नाही.

तपासणीचा क्रमही बदलीन. मायक्रोमीटर, उत्तरेचा उजेड, दिवा यांत मी चार दिवस घालवले, आणि शिक्क्याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळण्यासारखं होतं. शिक्का कोणत्या साली आला, तिकीट कधीपर्यंत चाललं, एवढी दोन सालं समोरासमोर ठेवायची होती. बाबांच्या क्रमात शिक्का तिसरा होता. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्या अर्ध्या आण्यावर शिक्काच नव्हता गं, म्हणून माझ्या क्रमात तो मागे.” शिक्का असेल तर तो आधी, नसेल तर कागद आधी, असं आता माझं मत आहे.

आणि दिसण्याला भुलू नये. रुंद समासाचं, स्वच्छ तिकीट बघून मला आनंद झाला होता. तिथेच शंका यायला हवी होती. १८५३ मध्ये टपाल कारकुनाने घाईत कात्री चालवलेलं तिकीट असंच, कडेला घासून कापलेलं असण्याची शक्यता जास्त. त्या खराब कापणीमुळे मी एका क्वार्तोच्या तिकिटाकडे दोन दिवस नीट पाहिलंही नव्हतं.

व्यापाऱ्याबद्दल अजून मन द्विधा आहे. त्याला अस्वलांचं काय ते कळलं होतं, असं मला वाटतं. त्याने एका क्वार्तोचं अस्सल तिकीट ओळखून चारशेत घ्यायचा प्रयत्न केला, की तीन क्वार्तोचं खोटं आहे हे सांगून एका म्हाताऱ्या बाईला दुखवायचं टाळलं? सरळ विचारलं असतं, तर दोन्हींचं उत्तर मिळालं असतं.

तीन क्वार्तोचं तिकीट विकायला नको, असं दोन्या प.नी ठरवलं. ते त्याच काळ्या कार्डावर आहे, शेजारी रिकामी जागा. पाकिटावरचं ‘आउतेंतिको’ खोडू का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. त्याच्याखाली त्यांनी शाईच्या पेनने, स्वतःच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं : ‘पुनर्मुद्रण. शिक्का खोटा.’ त्यापुढे तारीख घातली आणि प्रमाणपत्राची प्रत घडी करून आत ठेवली. अल्बम आता त्यांच्या नातवाकडे जाणार आहे.